दारूवाल्या मावशी

जर्मनीतल्या एर्लांगेन शहराच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे दारूवाल्या मावशी म्हणत. नव्याने आलेला माणूस हे नाव ऐकून आधी दचकायचा आणि मग गणपतीच्या जेवणात त्यांच्या हातातल्या पेल्याकडे संशयाने बघत राहायचा. पेल्यात ताक असायचं. गावागणिक बिअरची भट्टी असलेल्या त्या मुलखात तीस वर्षं राहून मावशींनी बिअरचा थेंब चाखला नव्हता. त्यांची दारू म्हणजे बंदुकीची दारू. आपल्या घराच्या तळघरात बसून त्या स्वतःच्या रायफलीची काडतुसं स्वतः भरत, आणि त्याचा रीतसर सरकारी परवाना त्यांच्याकडे होता.

माझी त्यांची ओळख झाली ती दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. मी नागपूरची. श्रवणयंत्रांच्या संशोधनासाठी इकडे आले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं की ही मुलगी आवाज मोजते, आणि पुढच्या शनिवारी मावशी माझ्या दारात उभ्या राहिल्या. ठेंगणी मूर्ती, आखूड कापलेले पांढरे केस, अंगात हिरवा लोकरी कोट. "तू आवाज मोजतेस म्हणे. बंदुकीचा मोजता येतो का?" मी म्हटलं, येतो. "मग जा, चप्पल घाल," त्या म्हणाल्या. नमस्कार-चमत्कार नंतर गाडीत झाले.

त्या मूळच्या मिरजेच्या. तिथेच नर्सिंग शिकल्या, तरुणपणी जर्मनीत आल्या आणि आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून उभ्या राहिल्या. लग्न केलं युर्गन केलर यांच्याशी. ते शहराबाहेरच्या एका खेड्यात संगीताचे मास्तर होते आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. मी आले तेव्हा ते हयात नव्हते. मावशी त्यांना नावाने हाक मारत नसत आणि त्यांच्याबद्दल बोलतानाही नाव घेत नसत. "हे फार हळू बोलायचे," "ह्यांना कढी आवडायची," असंच त्यांचं चाले. त्या जर्मन मास्तरांना मिरजेच्या पद्धतीने 'हे' म्हणणाऱ्या जगातल्या त्या एकट्याच असाव्यात.

तळघर हे त्यांचं खरं घर. एका भिंतीला लोणच्याच्या बरण्या, दुसऱ्या भिंतीला जाड लाकडी टेबल, त्यावर पक्का बसवलेला लोखंडी दाबयंत्राचा दांडा, वजनाचा बारीक काटा आणि ओळीने मांडलेल्या पितळी पुंगळ्या. त्या काम करत असताना बोलायचं नाही असा नियम होता. पुंगळी उजेडात धरून त्या तिचं तोंड तपासत, बोट फिरवत, मनाला आली नाही तर बाजूला टाकत. मी एकदा विचारलं, दुकानात तयार काडतुसं मिळतात ना? "मिळतात की. पण ती कुणासाठी तरी केलेली असतात. ही माझ्या बंदुकीसाठी आहेत." मग पुढची पुंगळी उचलून म्हणाल्या, "घाईनं भरलं की हातून चुकतं. मला चुकायचं नाहीये. मी बरीच वर्षं थांबलेय."

कशासाठी थांबल्या होत्या, हे त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलं नाही. कुणापासूनच ठेवलं नव्हतं. गावाभोवतीच्या जंगलातल्या शिकारीचा हक्क ब्राउनर नावाच्या माणसाकडे होता. तिकडे जमिनीचे मालक असलेले शेतकरी एकत्र येऊन असा हक्क वर्षानुवर्षांच्या कराराने एखाद्याला देतात. ब्राउनर लाकडाचा व्यापारी, धिप्पाड, गावात वजन असलेला. दर हिवाळ्यात तो मोठा हाका करायचा, म्हणजे माणसांची रांग झाडीतून जनावरं उठवायची आणि बंदूकवाले टिपायचे. एका वर्षी हाकाऱ्यांत माणसं कमी पडली म्हणून युर्गन काठी घेऊन गेले. रानडुक्कर झाडीतून फुटलं, ब्राउनर वळला आणि नियम धाब्यावर बसवून त्याने युर्गनच्या कानाशी बार काढला. युर्गन जागीच खाली बसले. कानातून रक्त आलं.

"संध्याकाळी गास्टहाऊसमध्ये, गावच्या खानावळीत, सगळे बसले होते," मावशी सांगत. "मी गेले. विचारलं, कुणाच्या बंदुकीचा बार होता? ब्राउनर म्हणाला, तुमचा नवरा हाक्याची रांग सोडून भलतीकडे गेला, मी त्याच्या जवळपासही नव्हतो. मी बाकीच्यांकडे बघितलं. सगळे ताटात बघत होते. पाहिलं सगळ्यांनी होतं, गं. पण त्यांना पुढच्या वर्षीही हाक्याला बोलावणं हवं होतं."

युर्गनच्या कानात त्या दिवसापासून जी शिट्टी सुरू झाली ती थांबली नाही. ऑर्गन सुटला. शाळा सुटली. शांतता सहन होईना म्हणून घरात सतत रेडिओ लागलेला असे, आणि रेडिओतलं गाणं त्यांना नीट ऐकू येत नसे. काही वर्षांनी एका सकाळी ते उठले नाहीत. मावशी म्हणत, "डॉक्टरांनी हृदय लिहिलं. मी डॉक्टर असते तर ब्राउनर लिहिलं असतं."

नवऱ्याचं क्रियाकर्म आटोपल्यावर पन्नाशी ओलांडलेल्या या बाईने शिकारीच्या परीक्षेला नाव घातलं. वर्गात सगळी तरुण मुलं. झाडं, जनावरांचे रोग, कायदा, नेमबाजी, सगळं जर्मनमध्ये पाठ केलं आणि पास झाल्या. नंतर दारूचा परवाना. शेजारच्या जंगलाचा हक्क असलेल्या एका भल्या म्हाताऱ्याने त्यांना पाहुणी म्हणून शिकार करू दिली. मारलेल्या डुकराचा त्या तांबडा रस्सा करत, आणि तो खायला एर्लांगेनहून सायकली हाणत आमची निम्मी मंडळी जात.

आमच्या घरी रविवारी विहारात जायची पद्धत. आईने मैत्रीचे आणि क्षमेचे पाठ असे गिरवून घेतलेले की मला मावशींची भीती वाटायची. एकदा मी त्यांच्याबरोबर मचाणावर बसले होते. उन्हं उतरली होती. खालच्या वाटेने ब्राउनर कुत्रा घेऊन आला. मावशींनी रायफल मांडीवरून उचलून बाजूला कोपऱ्यात ठेवली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. 

"मावशी, तुमच्या मनात काय आहे?" मी विचारलं.

"तुला वाटतं तसलं नाही. त्यात काय, एका क्षणात संपतं. त्याला कळतही नाही." त्यांनी दुर्बिणीची पट्टी सरळ केली. "ह्यांचं जे आवडतं होतं ते त्यानं काढून घेतलं आणि मग ह्यांना जगायला लावलं. मला तसंच पाहिजे. गेनाऊ, अगदी तसंच."

ब्राउनरला जगात एकच गोष्ट आवडत होती. ते जंगल. आणि त्याचा करार संपत आला होता.

आता मला बोलावण्याचं कारण. मावशींचा डावा कान लहानपणीच गेलेला, फुटलेला कान नीट झालाच नाही. उरलेला एक कान वाचवायचा म्हणून त्यांना रायफलीवर सायलेन्सर लावायचा होता. त्या काळी तिकडे सायलेन्सरचा परवाना शिकाऱ्याला सहसा मिळत नसे. कचेरीतले लोक त्यांना आल्या पावली परत पाठवायचे. मावशी पुन्हा जायच्या. कानाच्या डॉक्टरांचं मत, माझी मोजमापं, पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. शेवटी एक नवीन अधिकारी आला आणि त्याने अपवाद म्हणून मान्यता दिली. "माझा कंटाळा आला असेल त्याला," मावशी म्हणाल्या.

मग निवड. गावाबाहेरच्या चांदमारीवर बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तीन वेगवेगळे सायलेन्सर आणले. एक लांबलचक, नळीच्या पुढे काठीसारखा येणारा. एक आखूड आणि हलका. तिसरा जाडसर, नळीवर मागेपर्यंत चढणारा, त्यामुळे बंदुकीचा तोल पुढे न जाणारा. मी मायक्रोफोन लावून आकडे घेतले. तिघांत फार फरक नव्हता. गोळी हवा कापत जाते त्याचा तडाखा कुठल्याच सायलेन्सरने जात नाही, हे मी समजावून सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आल्झो, तर मग, आता तू इथं थांब. मी खुणावलं की ह्याला एकेक करून झाडायला सांग."

आणि त्या चालत गेल्या ते थेट चर्चमागच्या दफनभूमीत. चांदमारीवरून ती टेकडी दिसत होती. युर्गनच्या दगडाशेजारी त्या उभ्या राहिल्या, चांगला कान आमच्याकडे करून. हात वर झाला की कारागीर बार काढायचा. तिन्ही झाले. परत येऊन त्यांनी जाडसर तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा. बाकीचे दोन्ही ह्यांना ऐकू गेले असते."

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात गास्टहाऊसच्या मागच्या दालनात जमीनमालकांची सभा भरली. जंगल कुणाला द्यायचं, ब्राउनरला की मावशींना, ते ठरणार होतं. ब्राउनरने जास्त पैसे देऊ केले होते आणि सगळ्यांना ठाऊक होतं की पैसे त्याच्याकडे आहेत. पण त्याच्या राज्यात डुकरांनी मक्याची शेतं उलथीपालथी केली होती. दोस्तांच्या हाक्यासाठी डुकरं राखून ठेवतो, असं शेतकरी दबक्या आवाजात म्हणत. शेजारच्या जंगलाला लागून ज्यांचा मका होता त्यांचं पीक मात्र मावशींनी पहाटे पहाटे बसून वाचवलं होतं, आणि सायलेन्सरमुळे गोठ्यातल्या गायी दचकल्या नव्हत्या. शिवाय त्या दालनातल्या कित्येकांची ऑपरेशनं झाली तेव्हा टेबलाच्या पलीकडे मावशीच उभ्या होत्या.

मी त्यांची पाहुणी म्हणून मागे बसले होते. ब्राउनर आधी बोलला, ऐसपैस, दोन विनोद करून. लोक हसले. मग मावशी उठल्या. मला वाटलं मक्याचं बोलतील.

"मला मत द्या असं मी सांगत नाही," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "त्या हाक्याच्या दिवशी जे हजर होते त्यांना एवढंच सांगते. तुम्हाला खरंच काही दिसलं नसेल, तर ब्राउनरना मत द्या."

आणि बसल्या.  ब्राउनर उठून काहीतरी म्हणायला लागला, पण अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. ब्राउनरच्या बाजूने पुढच्या रांगेतले थोडे हात वर गेले. मग मावशींचं नाव घेतलं. पहिला हात वर आला तो एका वाकलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. त्या दिवशी तोही ताटात बघत बसला होता, हे मावशींनी मला आधी सांगितलेलं. त्याच्यामागून दालन भरून हात वर गेले.

वसंतात जंगल मावशींचं झालं. ब्राउनरची मचाणं त्यांनी एकामागून एक उतरवली आणि त्याच्या दारात लाकडं रचून ठेवली. तो हातात बंदूक न घेता वाटेवरून फिरू शकत होता, त्याला कुणी अडवलं नसतं. पण तो फिरकेना. त्याची बायको दुकानात भेटली की सांगे, दिवसभर खिडकीत बसतो. मावशी हे मला फोनवर सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात कीव नसे.

पुढच्या शरदात एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होते. बेल वाजली. दारात ब्राउनर, टोपी हातात. बराच वाळला होता.

"फ्राऊ केलर," तो हळू म्हणाला, "एक विनंती होती. पाहुणा म्हणून, एखाद्या दिवशी..."

मावशींनी डावा कान पुढे केला. "मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही."

त्याने पुन्हा सांगितलं. "अजून मोठ्यानं," मावशी म्हणाल्या. पलीकडच्या अंगणात पानं झाडणारी बाई थांबली. ब्राउनर जवळजवळ ओरडून म्हणाला की त्याला एकदा, फक्त एकदा, जंगलात शिकारीला जाऊ द्यावं.

"विचार करते. आधी सांगा, त्या दिवशी बार कुणी काढला?"

त्याने हातातली टोपी गोल फिरवली. नाकाने श्वास घेत होता. मग म्हणाला, "मी."

"काय म्हणालात?"

"मी काढला," तो ओरडला. "मी. केलर माझ्या शेजारी उभा होता."

रस्त्यापलीकडे एक खिडकी उघडी होती, तिच्यात माणसं दिसत होती. मावशींनी मान हलवली. "डांके, आभारी आहे. आता ऐकू आलं."

"मग मी येऊ?"

"नाही," मावशी म्हणाल्या आणि दार लावलं. आपटलं नाही, नेहमीसारखं लावलं. स्वयंपाकघरात येऊन हात धुतले आणि रस्सा ढवळायला घेतला. "मीठ बघ गं," त्या म्हणाल्या.  

त्यानंतर दीडेक वर्षाने मला म्युनिकला नोकरी लागली. निघायच्या दिवशी मावशी स्टेशनवर आल्या, दशम्यांचा डबा घेऊन. त्या आता थकल्या होत्या. कसलंसं दुखणं निघालं होतं आणि त्याविषयी त्या बोलू देत नव्हत्या. ब्राउनर नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेला होता, त्या खिडकीतच. अंत्यविधीला मावशी गेल्या होत्या, मागच्या बाकावर बसल्या होत्या.

गाडी यायला वेळ होता. मनात राहिलेलं मी विचारून टाकलं. "मावशी, एकदा तरी त्याला जाऊ द्यावं असं वाटलं नाही तुम्हाला? त्यानं कबूल केल्यावर?"

त्या रुळांकडे बघत होत्या. बघता बघता त्यांनी माझ्या कोटाची कॉलर नीट केली.

"हो, वाटलं होतं. त्याच दिवशी, संध्याकाळी. कोट घालून त्याच्या घरापर्यंत गेलेसुद्धा. खिडकीत बसलेला दिसला. आतून रेडिओचा आवाज येत होता, मोठा. त्याला स्वच्छ ऐकू येत होतं गं, पायानं ताल धरला होता त्यानं." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "मग परत आले."