फॉस्टिनाकडे गेलो

वेंगुर्ल्याच्या बाजारात रोजचा एखादा म्हातारा दोन दिवस दिसला नाही, की कुणीतरी सहज विचारतो, "बाबली खंय आसा रे? फॉस्टिनाकडे गेलो नाय मां?" आणि सगळे हसतात. परगावच्या माणसाला वाटेल, फॉस्टिन कुणी डॉक्टर असणार. तर तसं नाही. फॉस्टिन फोटोग्राफर आहे, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ आहे, आणि 'फॉस्टिनाकडे गेलो' याचा अर्थ या गावात 'मेला' असा होतो.

पहिल्यापासून असं नव्हतं. एके काळी स्थळाला पाठवायचा फोटो, पोरांच्या चर्चमधल्या पहिल्या कोम्युनियनचा फोटो, आखातात निघालेल्याचा फोटो, सगळे त्याच्याच स्टुलावर बसून निघायचे. मागे कमळांच्या तळ्याचा रंगवलेला पडदा. फॉस्टिन हनुवटीला दोन बोटं लावून चेहरा उजेडाकडे वळवायचा आणि दटावायचा, "हसा नको. फक्त बग." मग मोबाईल आले आणि जो तो आपल्या घरचा फोटोग्राफर झाला. फॉस्टिनकडे एकच काम उरलं. घरात कुणी गेलं की माणसं मोबाईल घेऊन यायची. लग्नातल्या नाहीतर जत्रेतल्या घोळक्यातून गेलेल्याचा चेहरा शोधायचा, कापून मोठा करायचा, मागचा मंडप पुसायचा आणि फ्रेम करून द्यायची.

घोळक्यातल्या फोटोत माणसाच्या खांद्यावर हमखास कुणाचा तरी हात असतो. तो पुसणं सगळ्यात जिकिरीचं. फॉस्टिन संगणकावर डोळे फोडत बसायचा आणि शेजारी त्याची बायको लूर्डस काचा पुसून फ्रेमा जोडायची.

"कोणाचो गो ह्यो हात?" तो विचारायचा.

"भयणीचो," ती न बघताच सांगायची. साऱ्या गावाचे हात तिच्या ओळखीचे. मग फॉस्टिन बहिणीचा हात पुसून टाकायचा.

मोबाईलवर त्याचा भारी राग. त्यातल्या फोटोंना तो 'खेळातले फोटो' म्हणायचा. लूर्डसची भाची ग्लेनिशा त्याला मुद्दाम डिवचायची. "अंकल, माज्या मोबायलाचो कॅमेरो तुमच्यापेक्षा भारी आसा."

"आसात. पण तू फोटो काढतंस खंय? तू नुसता बोट लावतंस. माणूस बसता आनी मी थांबतंय, तेका फोटो म्हणतत."

"माणसां बसतत खंय, अंकल? तुमच्या स्टुलाक भितत."

ती हसत म्हणाली खरी, पण दुसरं कुणी हसलं नाही. कारण स्टुलाची ती भीती खरी होती, आणि ती रविकांतपासून सुरू झाली होती.

रविकांत होडीवाला. दांडगा, सतत चेष्टा करणारा माणूस. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात लोटायच्या आदल्या संध्याकाळी तो आपणहून स्टुडिओत शिरला आणि स्टुलावर बसला. "मोबायलात फोटोंची रास आसा, पण एकातय माजो म्हणान चेरो गावणा नाय. एक खरो काढ." फॉस्टिनला आभाळ ठेंगणं झालं. कितीतरी दिवसांनी कुणी जिवंत माणूस स्टुलावर बसला होता. त्याने मन लावून फोटो काढला. "दर्यातसून इल्यार नेतंय," म्हणून रविकांत गेला. मग समुद्र खवळला. होडीवरचे बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले, रविकांत लागला नाही.

फोटो न्यायला त्याची बायको हिरा आली. या फोटोत काही कापावं लागलं नव्हतं, कुणाचा हात पुसावा लागला नव्हता. जसा काढला तसाच फ्रेमेत बसला होता. हिरा फोटोकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी ह्यो आदीच कित्याक करून ठेवलात?"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आणि विषाची परीक्षा तरी कोण घेणार? त्यानंतर त्या स्टुलावर कुणी बसलं नाही. फॉस्टिन वरवर म्हणायचा, हे सगळे खुळे आहेत. तो रोज सकाळी स्टूल पुसायचा. पण चपलेचा पट्टा लावायलासुद्धा तो स्वतः त्यावर टेकत नसे. भीती काही बाजारातच राहत नाही, ती घरात येते.

नाताळ झाला आणि एका सकाळी लूर्डस खिडकीशी काच पुसत असताना फॉस्टिनची नजर तिच्यावर गेली. गालाखाली सावली पडली होती. तिथे ती कधी पडत नसे. जन्मभर त्याने चेहऱ्यांवर उजेड कुठे पडतो तेवढंच पाहिलं होतं. खिडकीचा उजेड चुकला असेल, असं त्याने मनाला सांगितलं आणि खिडकीला पडदा लावला. मग तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. फ्रेमेचे खिळे वाकडे जायला लागले. एकदा ती ग्लेनिशाबरोबर गोव्याला गेली. कापड आणायला जाते म्हणाली आणि संध्याकाळी कापडाशिवाय परत आली. फॉस्टिनने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, याचीच त्याला भीती वाटत होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बाजार सुस्तावला होता. लूर्डस आतून आली. रविवारी चर्चात मिसाला नेसायची ती निळी साडी, तोंडाला पावडर, केस नीट बांधलेले. त्याच्यासमोरून सरळ गेली आणि पडद्यापुढच्या स्टुलावर बसली.

फॉस्टिन संगणकापासून उठला. "उठ गो थंयसून."

"काढ."

"आज काय आसा?"

"काय नाय. औषदां लागच्या आदी, केस आसत तवसर काढून घे."

बंदराकडून एक टेम्पो वर चढत आला, दारावरून गेला, त्याचा आवाज संपला.

"ग्लेनिशा काढात गो मोबायलार," तो म्हणाला.

"खेळातलो माका नको. कोणाच्या तरी लग्नातसून कापलेलो, कोणाचो तरी हात पुसलेलो. गावाचे केलंस, माजो तरी खरो कर."

तो कॅमेऱ्यामागे गेला. त्याचे पायच तिकडे गेले. त्याने डोळा लावला, आणि इतके दिवस जे टाळलं होतं ते सगळं समोर आलं. उजेड चुकला नव्हता. लूर्डस हसत नव्हती, फक्त बघत होती, तो सगळ्यांना सांगायचा तशीच. एवढा चांगला फोटो त्याच्या हातून आजवर कधी निघाला नव्हता. काही कापायचं नाही, काही पुसायचं नाही, जसाच्या तसा फ्रेमेत बसणारा. त्याचं बोट बटणावर होतं. हिराचा हलका आवाज त्याच्या कानात होता. ते बोट दाबलं गेलं नाही.

फॉस्टिनने कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. टेबलावरचा लूर्डसचा मोबाईल उचलला आणि तिच्याशेजारी, स्वतःच्याच रंगवलेल्या पडद्यापुढे, जन्मात पहिल्यांदा उभा राहिला. डावा हात त्याने तिच्या खांद्यावर ठेवला. खांद्याचं हाड हाताला लागलं तेव्हा त्याला रडू आलं, ते त्याने लपवलं नाही. उजवा हात लांब करून तो मोबाईलवर अंगठा दाबत राहिला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं.

लूर्डसने मोबाईल हातात घेऊन पाहिलं. दोन वाकडे चेहरे, अर्धी तुटलेली कमळं, आणि तिच्या खांद्यावर त्याचा हात, पाची बोटं पसरून, अगदी गळ्याला लागून.

"खेळातलो काढलंस," ती म्हणाली.

"होय."

तिने पुन्हा पाहिलं, फ्रेमा जोडणाऱ्या बाईच्या नजरेने. "ह्यो हात मागीर पुसूक जड जातलो रे."

"माका पुसूक येवचो नाय," फॉस्टिन म्हणाला. आणि गावात ते काम येणारा तो एकटाच होता.