माझा आवाज, त्याच्या लॅपटॉपात

आमच्या रॉक बँडचा ड्रमर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गिटारवाल्याने त्याच्या जागी लॅपटॉप आणून ठेवला. मला वाटलं, तात्पुरतं असेल. पण थोड्याच दिवसांत त्याने गिटारही भिंतीला टांगली. म्हणाला, "आता आपण इलेक्ट्रॉनिक करायचं. सोलापुरात अजून कुणी केलेलं नाही." सोलापुरात बऱ्याच गोष्टी कुणी केलेल्या नाहीत, आणि त्याला कारणंही असतात. पण वाद घालायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवसभर मागांचा खडखडाट डोक्यात भरून घ्यायचा आणि संध्याकाळी तालमीला जायचं, ते एकाच आशेवर. तिथे तरी घसा मोकळा करून गाता येईल. कॉलेजपासून माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

आता मी गाणं एकदाच म्हणायचं. तो ते रेकॉर्ड करायचा आणि कोथिंबिरीसारखं बारीक चिरायचा. आधी शब्द गेले, मग चालही गेली. उरलं काय, तर ओळ सुरू करण्याआधी मी घेतलेला श्वास. तोच पुन्हा पुन्हा.

"यात काय खरा थकवा आहे गं!" तो खूश होऊन म्हणाला.

"थकायला कारखाना आहे की," मी म्हटलं. "इथं मी गायला येते."

तो हसला. माणूस वाईट नाही, पण नवं खेळणं हातात आलं की त्याला बाकी काही दिसत नाही. मला मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवावंसंही वाटलं नाही.

कार्यक्रम ठरला तेव्हा मी विचारलं, "स्टेजवर मी करू काय?"

"नुसती उभी राहा. माइक असेल, पण बंद."

पहिल्या रांगेत आमच्या कारखान्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका येऊन बसल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, माझं गाणं ऐकायला. आणि स्पीकरमधून माझा नुसता श्वास धापा टाकत होता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी राहवेना, तेव्हा मी त्या बंद माइकपुढेच आमचं जुनं गाणं म्हणायला लागले, सगळ्या शब्दांनिशी. माझं मलाही ऐकू येत नव्हतं.

पण मागांच्या गोंगाटात उभा जन्म काढलेल्या बायकांना बोलणं ऐकू यावं लागत नाही. त्या ओठ बघतात. एकीचीही नजर माझ्या तोंडावरून हलली नाही. गाणं संपलं, तशी त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने बसल्या जागेवरून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "दमलीस व्हय गं पोरी?"

मी मान डोलावली.

"मग ये की खाली."

मी उतरले. त्यांनी सरकून जागा केली आणि मी बसले. वर माझा श्वास चालूच होता. गिटारवाल्याने मान वर करून पाहिलंही नाही.