पहिल्या मुलाखतीतली हाक

ताकद यावी, अंग भरावं म्हणून इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या अभ्यासासाठी मी मुलाखती घ्यायचे. भोर-वेल्ह्यातली गावं माझ्याकडे होती. नाव विचारायचं नाही, बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि कागदावर उतरलं की पुसून टाकायचं. नियम म्हणजे नियम! त्यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

पालीजवळच्या एका मुलीला मी वर्षभरात तीनदा भेटले. पोलीसभरतीच्या गोळाफेकीत तिचा गोळा दोनदा कमी पडला होता, म्हणून ती ते 'ताकदीचं' इंजेक्शन घेत होती. पहिल्या खेपेला बोलता बोलता ती मध्येच उठली आणि तिनं उतारावरच्या म्हशीला हाक मारली, "ये गं बायऽऽ!" काय गोड गळा होता पोरीचा! म्हैस डुलत डुलत दावणीला आली.

दुसऱ्या खेपेला तिचा आवाज घोगरा लागला; वाटलं, पडसं झालं असेल. तिसऱ्यांदा जायच्या आधी फोन केला. जाड, पुरुषी आवाजात 'हॅलो' आलं. मी म्हणाले, "दादा, जरा ताईंना देता का?" तोच जाड आवाज म्हणाला, "मीच हाय, मावशी."

गेले. इंजेक्शन बंद करून तिला चार महिने झाले होते, तरी आवाज परतला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, परतेलच असं सांगता येत नाही.

"गोळा जातोय लांब," ती म्हणाली. "पर म्या हाक मारली की म्हस बिचकती. पयलं रेकॉर्ड हाय का? एकडाव लावा की."

ते मी केव्हाच पुसायला हवं होतं. पुसलं नव्हतं, त्या हाकेपायी.

लावलं. "ये गं बायऽऽ!" उतारावर म्हशीनं मान वर केली आणि खाली आली. मुलीच्या अंगाला घासून पुढं गेली, थेट माझ्या हातातल्या मोबाईलपाशी, आणि त्याला हुंगत राहिली. मुलगी दावं धरून तिथंच उभी होती. रेकॉर्डमधल्या हाकेबरोबर तिचे ओठ हलत होते, पण ती आवाज काढत नव्हती. खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आता पुसा, मावशी," ती म्हणाली. "ती पोरगी हितं असली, तर म्हस माजं कवा ऐकायची?"

मी पुसलं. नियम पाळायला मला पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकावं लागलं.