परत पाठवलेली ढाल

प्रॅक्टिस सुरू असताना साळवे मॅडम बऱ्याचदा कोर्टाकडे पाठ करून उभ्या असत. ओढणी कंबरेला गच्च बांधलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, नजर समोरच्या हॉस्टेलच्या भिंतीवर. मागे आम्ही दहा-बारा जण चेंडू आपटत असायचो आणि त्या भिंतीकडे बघूनच मला म्हणायच्या, "संतोष, चेंडू फार उंच उसळतोय. आणि बाळू, तू का थांबलास?" बाळू खरंच थांबलेला असायचा. आम्हाला वाटायचं, समोरच्या खिडकीच्या काचेत त्यांना दिसत असणार. एकदा मी जाऊन बघून आलो. खिडकीला काच नव्हतीच, पुठ्ठा ठोकलेला होता.

रिबेका साळवे मूळच्या नगरच्या, राज्याच्या संघातून खेळलेल्या. आमच्या कॉलेजात त्या क्रीडाशिक्षिका म्हणून आल्या, तेव्हा मुलांच्या बास्केटबॉल टीमला बाई शिकवणार हे कुणालाच पटलं नव्हतं. आम्हालाही नाही. आम्ही आजूबाजूच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं. कबड्डीत वाढलेलो, त्यामुळे समोरच्याला धरायचंच, अशी हाताला सवय. पहिल्याच मॅचमध्ये आमचे तिघे पाच-पाच फाऊल होऊन बाहेर बसले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हात घरी ठेवून या. पायांनी खेळायचं आहे."

दुसऱ्या कॉलेजच्या एका सरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, आईला बरोबर घेऊन आलात का?" आमची पोरं पुढे सरसावली. मॅडमनी मागे न बघता हात आडवा धरला आणि सरांना म्हणाल्या, "सर, तुमची टीमची यादी द्या. उशीर होतोय." ती मॅच आम्ही हरलो. परतीच्या एसटीत मॅडमनी त्या सरांचा विषय काढला नाही. फक्त रिंगवरून उसळून आलेल्या, आमच्या हातून सुटलेल्या रिबाउंडबद्दल बोलत राहिल्या.

बाळू लवांडे तिसगावजवळच्या वस्तीवरचा. सव्वासहा फूट उंच, अंगाने काटक, बोलायला लाजाळू. मी टीममध्ये सगळ्यात बुटका, म्हणून चेंडू पुढे आणायचं काम माझं. मी आणायचा आणि बाळूने टाकायचा, असं आमचं दोन वर्षांत जमून गेलं होतं. तिसऱ्या वर्षी मी कॅप्टन झालो, आणि त्याच वर्षी बाळू नापास झाला.

विभागीय स्पर्धेच्या आधी तो मला कॅन्टीनमागे भेटला. म्हणाला, "संत्या, माझं नाव न्हाई लागलं औंदा कॉलेजात. मला खेळता येनार न्हाई. मॅडमला सांगू का?"

मी म्हणालो, "गप बस. स्पर्धा होऊ दे, मग बघू."

टीमचे फॉर्म कॅप्टनने भरायचे असत. बाळूचा फॉर्म मी भरला. जुन्या ओळखपत्राचा नंबर टाकला, वर्ग पुढचा लिहिला आणि बाकीच्या फॉर्मांमध्ये घालून मॅडमपुढे ठेवला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सह्या केल्या.

ती स्पर्धा आम्ही जिंकलो. आमच्या कॉलेजच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. फायनलला बाळूने एकट्याने निम्मे बास्केट टाकले. गावात टेम्पोतून मिरवणूक निघाली. प्राचार्यांनी ढाल आपल्या केबिनमध्ये, आल्या-गेल्याला दिसेल अशी लावली. मॅडमसुद्धा त्या दिवशी आमच्याबरोबर पेढे खाताना हसत होत्या.

महिनाभराने त्या प्रमाणपत्रांसाठी बाळूची माहिती आणायला ऑफिसात गेल्या. क्लार्क म्हणाला, या नावाचा विद्यार्थी यंदा कॉलेजात नाही.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना कोर्टवर बसवलं. फॉर्म हातात होता. "हा कुणी भरला?"

मी उठणार, निदान मला तसं वाटत होतं, तेवढ्यात बाळू उभा राहिला. "म्याच भरला, मॅडम. कॅप्टनला काय बी ठाऊक न्हाई."

मॅडम बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली सिमेंटकडे बघत बसलो होतो.

त्यांनी स्पर्धा समितीला पत्र लिहिलं. प्राचार्यांनी त्यांना खूप समजावलं. कुणाची तक्रार नाही, कुणी विचारणार नाही, मग आपणच कशाला उकरून काढायचं? "सर, तिथे सही माझी आहे," एवढंच उत्तर मॅडमनी दिलं. ढाल परत गेली. बाळूला एक वर्ष खेळायला बंदी झाली. मॅडमना कॉलेजने लेखी समज दिली आणि पगारवाढ अडवली.

टीमने प्रॅक्टिसवर बहिष्कार टाकला. ठरवताना सगळ्यात मोठ्याने मी बोललो, हेही सांगायला हवं. पंधरा दिवस मॅडम रोज सकाळी सहाला यायच्या, झाडू घेऊन कोर्टवरची माती काढायच्या, एकट्याच तासभर फ्री थ्रो मारायच्या आणि निघून जायच्या. आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवरून बघायचो. सोळाव्या दिवशी बाळू आला. त्याला खेळायची बंदी, कॉलेजात नाव नाही, तरी पहाटेच्या दुधाच्या गाडीने आला आणि बास्केटखाली उभा राहून मॅडमना चेंडू परत देऊ लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे खाली उतरलो. मॅडम म्हणाल्या, "आधी दोन फेऱ्या पळून या. अंगं जड झाली असतील." बाकी काही नाही.

बाळूला त्यांनी पुन्हा परीक्षेला बसवलं. त्यासाठी रविवारी चर्चहून परस्पर एसटीने त्याच्या वस्तीवर जाऊन वडिलांशी बोलून आल्या. तो पास झाला, पुढे पदवीधर झाला. आता तिसगावला दूध संकलनाचं काम बघतो. मी शाळेत शिक्षक झालो. मॅडम निवृत्त होऊन नगरला राहायला गेल्या. टीमने नंतर ढाल कधीच जिंकली नाही.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि बास्केटबॉल टीमचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या वर्षापाशी येऊन मी अडकलो. आधी बाळूला फोन केला. तो हसला. "लिही की. मला आता काय टीममधून काढनार हायेत?"

मग मॅडमकडे गेलो. त्या थकल्या होत्या, पण चहा स्वतःच केला. मी कसंबसं म्हणालो, "मॅडम, बाळूचा फॉर्म मी भरला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं प्रॅक्टिसच्या स्कोअरशीट तूच लिहीत होतास. तुझं अक्षर मी ओळखणार नाही?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बाळूने सगळ्यांसमोर तुला वाचवलं होतं. मी बोलले असते तर तो खोटा पडला असता. बोलायचं ते तू." त्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं, आठवड्याभरात येशील. मग वाटलं, परीक्षा झाल्यावर येशील. तुझ्या लग्नाला आले होते, तेव्हाही वाटलं होतं."

त्यांनी माझी बशी पुढे सरकवली. "चहा घे, गार होतोय. आणि आता नीट लिही."

मी सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. पुस्तक छापून आल्यावर त्यांचा फोन आला. "वाचलं. बरं झालं. एका फायनलचा स्कोअर मात्र चुकलाय तुझा."

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. नगरच्या दफनभूमीत आम्ही टीममधले सहा जण शवपेटीला खांदा द्यायला पुढे झालो. बाळू आणि मी पुढच्या बाजूला समोरासमोर आलो. पेटी उचलली आणि माझ्या बाजूला कलली. मी टाचा वर करून बघितलं, तरी खांदा पोचेना. बाळूने एकदा माझ्याकडे पाहिलं, गुडघे वाकवले आणि फाटकापासून खड्ड्यापर्यंत तसाच चालत आला.