जांभळं थांबत नाहीत

पुण्याहून निघाले ती भाच्यांना घाऊक भावात जीन्स घ्यायला. उल्हासनगर कॅम्प एकमधले दुकानदार काका मात्र माल दाखवेनात. "बहेनजी, अभी भाव गिरा है. गोडाऊन में पडा रहने दो, सडता थोडेही है! दिवाली में निकालेंगे." शिलाईची अर्धी मशीनंही त्यांनी बंद ठेवली होती. भाव चढला की चालू. मी अर्थशास्त्राची निवृत्त शिक्षिका. लवचिक पुरवठा तो हाच, म्हणून मला कौतुकच वाटलं.

अंबरनाथ पूर्वेला वडापाव खाल्ला. रिक्षावाला म्हणाला, "बदलापूरची जांभळं खाल्ल्याशिवाय जाऊ नका."

बदलापूरच्या बाजारात बारवी धरणाकडच्या पाड्यावरची (वस्तीवरची) सुंदराबाई टोपली घेऊन बसली होती. टपोरी जांभळं, एकेक वाटा (छोटा ढीग) पानावर. भाव चांगला होता. मी शहाणपणा केला, "मग आणखी आणायची ना!"

ती हसली. "ताई, झाडाला काय भाव कलतो? हलवून पाडली तं फुटतात. आमचा मानूस वर चढतो, दोरीनं टोपली सोडतो. दिसाला एकच." आजच्या पैशांतून पावसाआधी घरावर टाकायला प्लास्टिक न्यायचं होतं तिला.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं. मघापासून समोर सावलीत बसलेला व्यापारी तेव्हा उठला. "अर्ध्या भावात दे सगळी. सांजपर्यंत पाणी होईल त्याचं."

माझं डोकंच फिरलं. "अहो, लाज नाही वाटत?"

"मॅडम, मार्केट आहे."

मार्केट म्हणे! जीन्सवाला थांबू शकतो, ही थांबू शकत नाही, एवढंच ते मार्केट. 'नाशवंत मालाचा पुरवठा अलवचिक असतो.' जन्मभर हे वाक्य मी मुलींकडून दोन गुणांसाठी घोकून घेतलं. त्यात माणूस असतो हे कधी सांगितलं नाही, याची शरम वाटली.

सुंदराबाई उठली आणि रिक्षास्टँडकडे बघून ओरडली, "या रं, खा! फुकट हाय!"

"माज बघा हिचा!" व्यापारी म्हणाला.

"हाय माज. तुला एक नाय देनार."

बघता बघता टोपली रिकामी झाली. त्याआधी मी मघाच्याच पूर्ण भावानं दोन वाटे घेतले. जास्तीची नोट तिनं परत केली. प्लास्टिक न घेताच ती घरी गेली.

रात्री पुण्यात ह्यांच्यापुढे जांभळांची वाटी ठेवली. खाता खाता हे म्हणाले, "गोड आहेत गं. पण संध्याकाळी घ्यायचीस, निम्म्यात मिळाली असती."

मी वाटी उचलून आत नेली.