तापव, जाळू नको

धूरवैद्य कुणाला नाव विचारत नसत. आधी पाठमोरं उभं करत, सदरा वर करत आणि पाठीला कान लावत. मग निकाल सांगत तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "बारीक शिट्टी वाजून राह्यली. कोंड्याच्या खोलीतला हाय हा." नाहीतर, "छाती ठणठणीत हाय. कामाचा कंटाळा आला तुले. जाय." मूल गावच्या धानाच्या मिलींत ज्याला ज्याला धाप लागली, त्याच्या पाठीला हा कान एकदा तरी लागलेला आहे. मिलीत धूळ किती उडते हे मालकाला दिसत नाही. वैद्यबाबांना ती पाठीतून ऐकू यायची.

मी त्याच मिलीत पोती शिवतो आणि मजुरांची पत्रकं लिहितो. म्हणून ते मला 'पत्रक' म्हणत. "काय पत्रक, आज कोणाले शिव्या दिल्या?" माझं लिहिणं त्यांना आवडत नव्हतं, आणि त्यांचं औषध मला. कारण त्यांच्या औषधात गांजा होता. साफच सांगतो, आडपडदा ठेवायची मला सवय नाही.

पण ते गांजा ओढणाऱ्यांतले नव्हते. उलट नशेचा त्यांना संताप यायचा. "डोक्यात गेलं का औषध हारलं. ते छातीत थांबलं पायजे," असं म्हणत. सगळी धडपड त्यासाठीच होती. पहिल्यांदा त्यांनी धुतलेला गांजा आणि अडुळसा तेंदूच्या पानात वळून विडी केली. छाती सुटायची, पण पानाच्याच धुराने माणूस खोकून बेजार व्हायचा. मग विडी सोडून चिलीम आणि ओलं फडकं. मग भाताच्या मडक्यासारखी वाफ. त्या वाफेत औषध उतरेचना. प्रत्येक प्रयोग आधी स्वतःवर. मिशा पिवळ्या पडल्या होत्या त्याने, आणि त्या मिशांचाही त्यांना गर्व होता. "माह्यासारखा वैद्य अख्ख्या मध्यप्रांतात नाई," हे ते रोज एकदा तरी सांगत. खरं होतं की नाही कोण जाणे.

शेवटी त्यांना वाट सापडली ती चणे-फुटाणे भाजणाऱ्याच्या भट्टीवर. वाळू तापते आणि चणा भाजला जातो, पण जळत नाही. त्यांनी खापरात नदीची वाळू तापवली, वर मातीची लहान वाटी, वाटीत औषध, वरून झाकण आणि झाकणाला वेळूची नळी. धूर जवळजवळ नाहीच. नुसता ऊन, हिरवट वास. वाळू किती तापवायची ते हाताच्या तळव्याने ठरवत. जास्त तापली की वाटी उचलून अंगणात फेकून देत आणि पुन्हा सुरुवात करत. रोगी तिकडे धापा टाकत असला तरी. "तापव, जाळू नको," हे शब्द दिवसातून किती वेळा त्यांच्या तोंडून निघत, त्याला गणती नव्हती.

आणि मात्रा डोक्यात चढली की नाही, हे ओळखायची त्यांची रीत अशी होती की ऐकणाऱ्याला हसू यावं. बाईचं औषध ओढून झालं की ते गंभीरपणे विचारत, "बाई, घरधन्याचं नाव काय?" आमच्याकडची बाई जीव गेला तरी नवऱ्याचं नाव घेत नाही. ती लाजली, पदर तोंडाला लावला, बाजूच्या पोराकडे बोट दाखवून "याचा बाप" म्हणाली, की वैद्यबाबा खूश. मात्रा बरोबर. एकदा एकीने फाडकन नाव सांगितलं. सगळा ओटा हसला. वैद्यबाबा हसले नाहीत. त्यांनी त्या आठवड्याचं सगळं औषध चुलीत घातलं.

माझं त्यांच्याशी भांडण वेगळंच होतं. मी म्हणायचो, बाबा, तुम्ही माणसाला बरं करता आणि तो उद्या पुन्हा त्याच धुळीत जातो. तुमच्या नळीने मालकाचं फावतं. मशीनवर झाकणं बसवा म्हणून आम्ही ओरडतो, आणि तुमच्यामुळे त्याला ती बसवावी लागत नाहीत. त्यांनी एकदाच उत्तर दिलं. "बसव ना झाकणं. मी कुठी नाई म्हनलं? पण तोवर ह्याईनं श्वास कुठून आणावा, ते तुह्या पत्रकात लिहिलं हाय का?"

लिहिलेलं नव्हतं.

मग गांजाचं ठेक्याचं दुकान बंद झालं. सरकारने नशा थांबवायची ठरवली, चांगलंच केलं. मीही तेच मागत होतो. पण औषध आणि व्यसन यांत फरक करायची तसदी कुणी घेतली नाही. वैद्यबाबांनी परवान्यासाठी अर्ज केला, तो कुठे गेला ते देव जाणे. घरात उरलेलं औषध ते चिमटीने वाटू लागले. त्यातली बरीचशी चिमूट सगुणाबाईसाठी राखलेली असे. ती मिलीत धान पाखडायची. मी पत्रक वाचून दाखवायचो तेव्हा सर्वांत पुढे बसणारी हीच. धाप लागली की तिचे ओठ निळे पडायचे.

त्या दिवशी सकाळी सगुणाबाईला तिचा नवरा शिवराम हाताला धरून घेऊन आला. ओट्यावर खापर तापत होतं. तेवढ्यात आबकारीचा जमादार दोन शिपाई घेऊन उभा राहिला. त्याने वाटी हुंगली आणि हसला. वैद्यबाबा, ज्यांनी कधी कुणापुढे मान वाकवली नाही, हात जोडून म्हणाले, "साहेब, बाईले येक डाव घेऊ द्या. मंग मले कुठीबी न्या."

जमादाराने काठीने खापर फोडलं. वाळू अंगणभर झाली. नळी, वाटी, झाकण सगळं गांजा ओढायचं सामान म्हणून पोत्यात भरलं. त्या गडबडीत वैद्यबाबांनी कमरेची एक पुडी शिवरामच्या हातात कोंबली. औषध घरी न्यायला द्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. तो त्यांनी एवढा एकदाच मोडला. त्यांना नेणारी बैलगाडी वळेपर्यंत ते ओरडत होते, "शिवराम, तापव. जाळू नको."

मी गाडीमागे कचेरीत गेलो. तिथे तावातावाने बोललो, आणि त्याने काही झालं नाही. साहेब जेवून आले, सही केली, ताकीद देऊन वैद्यबाबांना सोडलं. दिवस कलायच्या आत आम्ही शिवरामच्या दारात होतो. दारात माणसं जमली होती.

शिवराम भिंतीपाशी बसला होता. त्याच्या पुढ्यात त्याच्या बापाची चिलीम होती. घरात वाळू नव्हती, नळी नव्हती, बायको समोर तडफडत होती. हातात गांजा आहे आणि घरात चिलीम आहे, तर आमच्याकडचा माणूस काय करेल? त्याने निखारा ठेवला आणि तिच्या तोंडाला लावली. धुराने तिचा होता तो श्वासही अडला.

वैद्यबाबांनी चिलीम उचलून हुंगली. शिवरामच बोलला.

"तिनं माहं नाव घेतलं, बाबा. येवढ्या वर्साच्या संसारात पयल्यांदा. शिवराम म्हणे. मंग काई बोलली नाई."

वैद्यबाबा त्याच्या शेजारी बसले. त्यांनी शिवरामच्या पाठीवर हात ठेवला, कान नाही. म्हणाले, "तू चुकला नाई. खापर फुटलं होतं."

त्यानंतर ओट्यावर खापर तापलं नाही. मिलीतले लोक सवयीने येत, पाठ पुढे करत. वैद्यबाबा ऐकत आणि हळू आवाजात सांगत, "मिल सोड." त्या धुळीत पुन्हा जाऊ नये, हे माझंच म्हणणं. पण मिल सोडून खायचं काय, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं, मलाही नाही. मशीनवर झाकणं अजून बसलेली नाहीत.

महिनाभरात ते धानोऱ्याकडे निघाले. तिकडे जंगल आहे, मिल नाही. त्यांचं गाठोडं मी गाडीत ठेवलं. म्हणाले, "पत्रक, फिर पाठमोरा." एवढ्या वर्षांत त्यांनी माझी पाठ कधी ऐकली नव्हती. कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मी वाट पाहत होतो, आता ओरडतील आणि गल्ली हसेल.

ते ओरडले नाहीत. माझा सदरा त्यांनी नीट खाली केला, वरून एक हलकी थाप मारली आणि कानाशी येऊन म्हणाले, "ते झाकणाचं पत्रक... जल्दी लिही."