सव्वाचार तासांचा कॅप्टन

आमच्या तिकीट ऑफिसात मला सगळे कॅप्टन म्हणतात. आपल्या किनाऱ्यापासून समुद्रापलीकडच्या, पूर्वेकडच्या किनाऱ्यावरच्या शहरापर्यंत विमानाने तीन हजार किलोमीटर, सव्वाचार तास, हे मी झोपेतही सांगेन. डुलकी लागेपर्यंत पोचाल, असं सांगून आयुष्यभर लोकांना विमानात बसवत आलो. स्वतः मात्र एकदाही बसलो नव्हतो. विमानात बसायची मला धास्ती, कोणी चल म्हटलं की मी विषय बदलायचो. गिऱ्हाइकांसमोर छाती फुगवायला काय, फिरती खुर्ची असली की झालं.

सहा वर्षांपूर्वी लेक त्याच पलीकडच्या शहरात नोकरीला गेली. बायको दरवर्षी एकटी जाऊन येते. मी तिला खिडकीजवळची जागा काढून देतो, विमानतळावर सोडतो आणि ऑफिसात कामाचा डोंगर पडलाय अशी थाप मारतो. डोंगर म्हणजे मी, पंखा आणि पेपरातलं शब्दकोडं.

यंदा लेकीच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली. बायको आधीच तिकडे गेली होती. लेक फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, दुपारी दोनला आत नेणार आहेत. त्याआधी आलात तर बरं वाटेल मला." मग मला राहवेना. पहाटेच्या विमानाचं तिकीट काढलं. स्वतःचं नाव टाइप करताना दोनदा चुकलो.

प्रवासाचं काय सांगू? खुर्चीचे हात घट्ट धरून सबंध विमान मीच वर उचलून धरलं होतं. शेजारच्या आजीबाईंना दया येऊन त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली. उतरलो तेव्हा मनगटावर सव्वादहा वाजले होते आणि अंगात शौर्य संचारलं होतं. दोनला भरपूर अवकाश होता. असलं घामेजलेलं तोंड घेऊन लेकीसमोर कुठे जायचं, म्हणून न्हाव्याकडे दाढी केली, चहा घेतला, समुद्रकाठाने जरा मिरवलो. विमानात बंद केलेला फोन बंदच राहिला.

हॉस्पिटलात पोचलो तर बायको बाकावर एकटीच. मी ऐटीत म्हटलं, साडेबाराच वाजलेत. तिने नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तीन वाजले होते. ते शहर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे चालतं. उतरल्यावर आधी घड्याळ पुढे करा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दारापर्यंत जाऊन बजावतो. माझ्या दारापर्यंत कोणी आलं नव्हतं. बायकोने बाकावरची पिशवी उचलून मला जागा करून दिली. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

लेकीला बाहेर आणेपर्यंत मी मनात सबबी जुळवत बसलो. विमानाला उशीर झाला, अशीही एक होती. संध्याकाळी तिने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं. तिला पाहिल्यावर सगळ्या सबबी मी बाजूला ठेवल्या.

"उशीर झाला गं बाळा," मी म्हणालो. "आत जाताना माझी वाट बघितली असशील."

"नाही बाबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही येणार नाही असंच धरलं होतं मी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. सहा वर्षांत मी तिला तेवढीच सवय लावली होती. ती हसली, माझ्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा झोपली. मी तिच्या उशाशी बसून रडलो, तेही त्या गुळगुळीत दाढी केलेल्या तोंडाने.